भाड्याचा आवाज

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मावशीने विचारलं होतं, "मुलगा पाहिलास का गं?" मी म्हणाले, "पाहिला नाही अजून, पण ऐकलाय."

खोटं नव्हतं ते. माझ्या माहेरच्या गावच्या यात्रेत कुस्त्यांचं मैदान भरायचं. बायका तिकडे फिरकायच्या नाहीत, पण भोंगे लिंबाला बांधलेले असायचे आणि त्यातला आवाज आमच्या परसात स्वच्छ ऐकू यायचा. मी शेंगा फोडत बसलेली असायची आणि तो आवाज सांगायचा, आता तांबड्या लांगेच्या पोरानं मान धरली, आता पट काढला, आता खालचा अंगाखालून निसटला. न बघता मला कुस्ती दिसायची. पुढे तो आवाज ज्यांचा होता त्यांच्याशीच माझं लग्न झालं आणि मी कोल्हारला आले.

हे साखर कारखान्यात टाइम ऑफिसला क्लार्क होते. ती पोटाची नोकरी. जिल्ह्यात त्यांना लोक ओळखायचे ते कुस्त्या पुकारणारे म्हणून. यात्रांचा हंगाम सुरू झाला की यांच्या सुट्टीच्या दिवसाचा पत्ता लागायचा नाही. आज कोपरगावकडे, परवा पार पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या बाजूला. मिळायचं काय, तर फेटा, नारळ आणि गाडीपुरतं पेट्रोल. पण परत यायचे तेव्हा चेहरा असा उजळलेला असायचा की मी काही विचारायची नाही.

लोकांना वाटायचं, हा माणूस घरीही असाच गरजत असणार. घरी हे इतकं हळू बोलायचे की कुकरची शिट्टी झाली तर मला पुन्हा विचारावं लागायचं. "अगं, पानी दे गं जरा." मी शाळेत मराठी शिकवते. नवी नवरी असताना मी त्यांना दुरुस्त करायची, "पानी नाही, पाणी." हे म्हणायचे, "पानी म्हनलं तरी तहान भागती." पुढे मी तो नाद सोडला. पुढे पुढे तर मलाच ते गोड वाटायला लागलं.

आवाज बसला तो एका हंगामाच्या शेवटी. दरवर्षीच बसायचा, ज्येष्ठमध चघळला की महिन्यात मोकळा व्हायचा. त्या वर्षी झाला नाही. आषाढ गेला, श्रावण गेला, तरी घशात खरखर. यांचे जिवाभावाचे मित्र म्हणजे शेजारच्या गल्लीतले वस्ताद. तरुणपणी नावाजलेले पैलवान, नंतर तालमीत पोरांना शिकवायचे. रोज संध्याकाळी मगरिबची नमाज झाली की आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. तेच एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "वैनी, हे वरडून बसल्यालं न्हाई. दम लागतोय त्याला जिना चढताना. दाखवा नगरला."

नगरला दाखवलं, तिथून पुण्याला पाठवलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी कागदावर घशाचं चित्र काढलं, एका ठिकाणी फुली मारली आणि म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, पूर्ण. श्वास मानेला केलेल्या छिद्रातून घ्यायचा.

यांनी त्या फुलीवर बोट ठेवलं. मग त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "मंग बोलायचं कसं?"

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून एक दांडीसारखं यंत्र काढून दाखवलं. गळ्याला लावलं की त्यातून बोलता येतं म्हणाले, आणि एका जुन्या पेशंटचा व्हिडिओ दाखवला. यंत्रातून चक्कीसारखा घरघर आवाज निघत होता, सगळ्या माणसांचा एकच निघेल असा. यांनी मोबाईल हळूच त्यांच्याकडे सरकवला आणि मान हलवली. नको.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मला वाटत होतं, आज हे काहीतरी बोलतील. जन्मभर पुरेल असं काही. मी खाटेशेजारी स्टूल ओढून बसले होते. वॉर्डात जेवणाची गाडी येऊन गेली. त्यांनी मला जवळ बोलावलं, मी कान तोंडाजवळ नेला. म्हणाले, "दूधवाल्याला फोन कर. आठवडाभर नको म्हन. उगं नासंल." स्वतःच्या गळ्यातून ते मला शेवटचं बोलले ते एवढंच.

आमची एकुलती एक मुलगी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. तिला नोकरी लागली तेव्हा यांनी विचारलं होतं, "तुमची कंपनी इकती काय?" ती म्हणाली होती, "पप्पा, आम्ही विकत नाही, भाड्याने देतो. तुम्ही नांगरटीला ट्रॅक्टर सांगता की नाही? ट्रॅक्टर त्याच्या मालकाच्या दारात, आपल्याला लागेल तेव्हा येतो, जेवढं रान नांगरलं तेवढे पैसे. तसंच. प्रोग्राम आमच्या मशीनवर, गिऱ्हाईक इंटरनेटवरून वापरतं, वापरेल तेवढं बिल." हे खूश झाले होते. ओट्यावर येईल त्याला सांगायचे, "आमची पोरगी ट्रॅक्टर भाड्यानं देती, पन बिनचाकाचा."

तिनेच आवाजाचं शोधून काढलं. परदेशातली कुठलीशी सेवा होती. माणसाचं जुनं बोलणं तिकडे पाठवायचं, ते लोक त्यावरून आवाज तयार करून ठेवतात. मग मोबाईलवर आपण अक्षरं लिहायची, ती तिकडे जातात आणि त्या आवाजात बोलून परत येतात. बिल अक्षरांवर. जेवढी अक्षरं बोलाल तेवढे पैसे, तिच्या कार्डातून परस्पर कापले जायचे.

"पण जुनं बोलणं कुठून आणणार?" मी विचारलं. यांचा आवाज तर सहा महिन्यांपूर्वीच गेला होता.

"आई, पप्पांचे कुस्तीचे व्हिडिओ ढीगभर पडलेत इंटरनेटवर."

ते खरं होतं. प्रत्येक मैदानाचं कुणी ना कुणी शूटिंग करायचंच. तिने ते गोळा केले, हलगीचा आवाज जमेल तेवढा गाळला आणि पाठवून दिले. हे दवाखान्यातून घरी आले तोवर आवाज तयार होता. गळ्यातल्या छिद्रावर पांढऱ्या कापडाचा पडदा, अंगावर मांस राहिलेलं नाही. मी चहा दिला. यांनी घोट घेतला, मोबाईल उचलला आणि एका बोटाने हळूहळू लिहिलं. बटण दाबलं.

"चहात साखर कमी आहे!"

खोली दणाणली. मैदानात निकाल पुकारावा तसा आवाज, शेवटच्या अक्षरावर चढलेला. वस्ताद ओट्यावरून धावत आत आले. क्षणभर कुणाला काही कळेना, आणि मग आम्ही सगळे हसत सुटलो. मुलगी तर जमिनीवरच बसली. हेही हसत होते. पण त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता, गळ्यावरचा पडदा तेवढा फडफडत होता. ते बघून माझं हसू आपोआप थांबलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा लिहायला घेतलं. मी वाट बघत उभी राहिले. फोनमधून यांचा आवाज गरजला, "तू घाबरू नकोस! सर्व काही ठीक होईल!"

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. आवाज त्यांचाच होता, शंका नाही. पण मला धीर द्यायचा असताना या आवाजात ते कधीच बोलले नव्हते. माझ्याशी ज्या आवाजात बोलायचे तो कुणी शूटिंग केलेला नव्हता. तो चार भिंतींत झाला आणि तिथेच संपला, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला तेच म्हणाले. तिने ऐकून घेतलं. मग एकदम उठली आणि कपाटातून यांचा जुना मोबाईल काढला, काच तडकलेला. चार्जिंगला लावला. त्या मोबाईलला आलेला-गेलेला प्रत्येक फोन आपोआप रेकॉर्ड व्हायची सोय होती आणि यांना ती बंद करता येत नव्हती. वर्षानुवर्षांचे फोन आत साठले होते.

ती दोन दिवस कानात इअरफोनची बोंडं घालून ऐकत बसली. अधेमधे मलाही ऐकवायची. "अगं, कोथिंबीर आनू का? ताजी हाय." "एसटी चुकली, जीपनं येतो." "शाळंत हाय का? बरं बरं, मंग सांगतो." "काय न्हाई, सहज केल्ता." सहज केलेले फोन किती होते! तेव्हा मी वैतागायची, तासावर असताना कशाला फोन करता म्हणून. आता एकेक फोन ती मागे-पुढे करून ऐकवत होती आणि मी पदर तोंडाला लावून बसले होते. पडवीत हे खुर्चीवर बसले होते, त्यांनाही ऐकू जात होतं. त्यांनी एकदाही आत वळून बघितलं नाही.

त्या फोनवरून दुसरा आवाज तयार झाला. मुलीने मोबाईलवर दोन बटणं करून दिली, एक मैदानाचं, एक घराचं. घराचं दाबलं की बसका, संथ, शब्द गिळणारा आवाज यायचा. मला वाटलं, देव पावला.

तरी काहीतरी चुकत होतं. हे लिहायचे, "मला पाणी दे. औषध घेण्याची वेळ झाली आहे." आवाज यांचा आणि बोलणं ऑफिसच्या अर्जासारखं. हयातभर कारखान्यात कागद लिहिलेले, लिहायचं म्हटलं की हाताला तीच भाषा यायची. मी म्हणाले, "अहो, असं काय लिहिता? बोलता तसं लिहा की."

त्यांनी लिहिलं, "अशुद्ध होईल."

"होऊ द्या. मी नाही मार्क कापणार."

 मग बोट फिरलं, आणि फोन हळू आवाजात म्हणाला, "पानी दे गं. लई तहान लागलीया."

मी पाणी दिलं.  त्या दिवसापासून घर पुन्हा बोलायला लागलं. वस्ताद आले की दोघांच्या जुन्या गप्पा चालायच्या. एक तोंडाने बोलायचा, एक बोटाने. वस्ताद त्या फोनला दम द्यायचे, "आवर की लवकर, किती येळ लावतो!"

काही आठवड्यांनी मला जाणवलं, यांचं बोलणं आखूड होत चाललंय. "पानी." "चल." "नको." आधी मला वाटलं, थकवा असेल. मग एकदा मुलीच्या बोलण्यात आलं की बिल पप्पांना दिसतं, तसं त्यांनीच तिच्याकडून करून घेतलंय. म्हणजे पोरीच्या पगारातून प्रत्येक अक्षर कापलं जातंय हे यांना टोचत होतं. एका कुस्तीवर तास तास बोलणारा माणूस शब्द मोजायला लागला होता.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हणाले, "माझ्याशी बोलताना तुम्ही 'अगं' म्हणत नाही हल्ली."

त्यांनी लिहिलं, "तेवढंच वाचतं."

मी मुलीला कळवलं. तिने त्याच दिवशी महिन्याचा प्लॅन घेतला, ठरलेले पैसे भरायचे आणि हवं तितकं बोलायचं. फोनवरून वडिलांना ओरडली, "पप्पा, आता कितीही बोला. नाही बोललात तरी पैसे जाणारच आहेत!" हा हिशेब त्यांना बरोबर पटला. भरलेले पैसे वाया जाऊ द्यायचे नाहीत म्हणून पुढे हे कावळ्याशीसुद्धा बोलायचे.

कोल्हारची यात्रा जवळ आली. वस्तादांनी मनात धरलं होतं की मैदान यांनीच पुकारायचं. फोन माईकला लावायचा, मैदानाच्या आवाजाचं बटण दाबायचं. हे नको नको म्हणत होते, पण त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं. संध्याकाळी खुर्चीत बसून वाक्यं लिहून ठेवायचे. 'हलगीवाले, वाजवा!' 'पंच, कुस्ती लावा!' डावांची नावं ओळीनं. कुस्तीच्या वेगाने लिहिता येणार नाही हे त्यांना कळत होतं, म्हणून तयार वाक्यं. बोट ठेवलं की आवाज. घरात सराव केला तेव्हा खिडक्या हादरल्या. यांनी कडक इस्त्रीचा सदरा काढून ठेवला.

त्या दिवशी मीही मैदानावर गेले. आयुष्यात पहिल्यांदा. वस्तादांनी बायकांसाठी एका बाजूला खुर्च्या टाकायला लावल्या होत्या. गर्दी म्हणजे किती! झाडांवर माणसं, ट्रॉल्यांवर माणसं. हे फेटा बांधून माईकसमोर उभे राहिले तेव्हा टाळ्या थांबेनात. शिट्ट्या झाल्या. पुढची म्हातारी माणसं उठून उभी राहिली. पहिली जोड आखाड्यात उतरली, त्यांनी अंगाला माती लावली, पंचांनी यांच्याकडे बघितलं.

यांनी बोट ठेवलं.

काही झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मी पुढे सरकले. स्क्रीनवर एक गोल चकती फिरत होती, नुसती फिरत होती. एवढ्या माणसांच्या खिशात मोबाईल, जो तो शूटिंग करून पाठवतोय, गावात टॉवर एक. नेट गेलं होतं. यांचा आवाज दूर कुठल्यातरी देशात तयार होता, भरलेल्या पैशाचा होता, हक्काचा होता, आणि कोल्हारपर्यंत पोचत नव्हता.

लोक शांत राहिले. हे मला अजून आठवतं. एवढं मैदान, पण कुणी हुर्यो केली नाही. सगळे वाट बघत होते. हे फोन उंच धरत होते, डावीकडे फिरवत होते, उजवीकडे फिरवत होते. मानेवरचा पडदा जोरजोरात हलत होता, म्हणजे ते बोलत होते. सवयीने, पोटातून बोलत होते आणि छिद्रातून नुसता वारा बाहेर येत होता. शेवटी आखाड्यातले दोघे पैलवान अवघडून एकमेकांकडे बघायला लागले. वस्ताद पुढे झाले, यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाजूला उभ्या असलेल्या, बाहेरगावाहून आलेल्या पुकारणाऱ्याला खूण केली. तो भला माणूस होता. आधी यांच्या पाया पडला, मगच माईक हातात घेतला.

हे माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. शेवटची कुस्ती सुटेपर्यंत उठले नाहीत. प्रत्येक डावाला त्यांचे ओठ हलत होते. मी ओठांकडे बघत होते आणि मला कळत होतं, पट काढला, मान धरली, निसटला.

घरी आल्यावर त्यांनी फेटा घडी करून ठेवला. त्यानंतर बरेच दिवस फोनला हात लावला नाही. मी पाण्याचा पेला न मागता पुढे ठेवायची. मुलीने फोनवरून समजावलं, नेट नसतानाही चालेल असं काहीतरी बघते म्हणाली. यांनी हात हलवून राहू दे म्हटलं. वस्ताद रोज यायचे, बोलायचे, आणि शेजारी नुसती शांतता बसलेली असायची. एकदा ते उठता उठता म्हणाले, "माझं चुकलं रं. म्या तुला उभं करायला नको हुतं तितं." तेव्हा यांनी फोन उचलला. घराच्या आवाजात म्हणाले, "येडा का काय तू? फेटा बांधला, पब्लिक उठून हुबं ऱ्हायलं. आजून काय पायजे?" वस्ताद त्यांना मिठी मारून रडले.

पावसाळा संपता संपता पुन्हा गाठ आली. या वेळी डॉक्टरांनी चित्र काढलं नाही.

शेवटचे दिवस नगरच्या दवाखान्यात गेले. सलाईनने हात सुजले होते, बोटं वळत नव्हती. फोन उशाशी चार्जिंगला लावलेला असायचा. आवाज तयार, नेट तयार, पण लिहायला हात नव्हता. आम्ही ओठ वाचायचो. पाणी, दुखतंय, खिडकी, एवढं कळायचं. शेवटच्या दुपारी मी आणि मुलगी दोघी होतो. यांनी माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं. लहानसंच होतं. मला कळलं नाही. मी म्हणाले, "पुन्हा म्हणा." त्यांनी पुन्हा म्हटलं. मुलगी म्हणाली, "घरी? घरी जायचंय?" त्यांनी मान हलवली, नाही. तिसऱ्यांदा त्यांनी ओठ हलवले, आणि मला कळत नाहीये हे बघून माझा हात थोपटला, असू दे म्हणावं तसा. संध्याकाळी ते गेले.

ते काय म्हणाले, मी अजून शोधते. वर्गात शिकवताना, भाजी निवडताना माझे ओठ तसे हलवून बघते. मराठीतला कुठला शब्द तसा होतो? मला सापडलेला नाही.

वर्षश्राद्ध झालं. त्यानंतर मी काही दिवस मुलीकडे पुण्याला गेले. तिची लहानशी खोली, तीत तिचं ऑफिस, तिचं स्वयंपाकघर. रविवारी दुपारी मी कोपऱ्यावरून भाजी घेऊन आले, दार नुसतं लोटलेलं होतं. आतून यांचा आवाज आला.

"जेवलीस का? वेळेवर जेवत जा."

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. मी दार ढकललं. ती पलंगावर पाय जवळ घेऊन बसली होती, मांडीवर मोबाईल. मला बघून तिने तो पालथा केला, लहानपणी चिंच लपवायची तसा.

"प्लॅन चालू आहे?" मी विचारलं.

"बंद करणार होते. नाही झालं माझ्याच्याने."

मी शेजारी बसले. मला राग आला होता, तिचा नव्हे, कुणाचा ते मला सांगता येणार नाही. मी एवढंच म्हणाले, "ते 'जेवलीस का' म्हणायचे नाहीत. ते तुझं पुण्याचं आहे."

"मग काय म्हणायचे?" तिचा आवाज फुटला. "आई, मी विसरायला लागलेय. तूच लिही. तुला माहितीये ते कसं बोलायचे."

तिने फोन माझ्या हातात दिला. मला खरंच माहीत होतं. मी लिहिलं, आणि बटण तिने दाबलं.

"खाल्लं का न्हाई अजून? काय ऱ्हातं गं तुझं ते काम? उठ, ताट घे."

तेच होते. अगदी तेच, ओट्यावर बसून आत हाक मारावी तसे. मुलगी माझ्या कुशीत कोसळली. "अजून एक, आई. अजून एकच लिही."

माझं बोट अक्षरांवर होतं. मला हवं ते मी त्यांच्याकडून वदवून घेऊ शकत होते. दवाखान्यातल्या दुपारी ते काय म्हणाले असतील, ते सगळं एकेक करून लिहून बघता आलं असतं, आणि त्यांच्या आवाजात ते खरंही वाटलं असतं. मला भीती वाटली. उद्या मी लिहिलेलं कुठलं आणि त्यांचं कुठलं, हे माझं मलाच कळायचं नाही. मी फोन गादीवर ठेवला. म्हणाले, "नाही जमणार गं मला." ती हट्ट करेल असं वाटलं होतं. तिने केला नाही.  मी बसताना पिशवी कलंडून भाजी जमिनीवर सांडली होती, ती आम्ही दोघींनी गोळा केली.

मी कोल्हारला निघाले तेव्हा स्टँडवर ती म्हणाली, "महिन्याचा बंद करते. पुन्हा अक्षरावर ठेवते. वापरलं तर बिल, नाही वापरलं तर काही नाही. चालेल?"

मी हो म्हटलं. बंदच कर, असं तोंडातून निघालं नाही.

त्यानंतर महिना भरला की मी फोनवर इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारायची, "या महिन्यात बिल आलं का गं?" आकडा तिने कधी सांगितला नाही, मीही विचारला नाही. ती म्हणायची, "आलंय थोडं." दिवाळीच्या महिन्यात म्हणाली, "जरा जास्त आलं, आई." ऑफिसात कुणाशी तरी वाद झाला होता त्या महिन्यातही जास्त आलं. पोरीने बापाला किती हाका मारल्या, हे मला तेवढ्यावरूनच कळायचं.

परवा ती वॉशिंग मशीन बिघडल्याचं सांगत होती, मेकॅनिक कसा येतो येतो म्हणून आलाच नाही वगैरे. त्याच ओघात म्हणाली, "आणि आई, या महिन्यात काहीच आलं नाही."

"काय?"

"ते बिल गं. या महिन्यात वापरलंच गेलं नाही. आज मेल बघितला तेव्हा लक्षात आलं."

मी म्हणाले, "बरं झालं." मनापासून म्हणाले. आणि फोन ठेवल्यावर भर उन्हात ओट्यावर येऊन बसले, कारण घरात बसवेना. हे गेले त्या दिवशी मला सगळ्यांनी धरलं होतं. या वेळी धरायला कुणी नव्हतं, आणि कुणाला सांगावं असंही ते नव्हतं.

रविवारी सकाळच्या एसटीने मी पुणे गाठलं. न कळवता. हुलग्याचं पीठ आणि लसणाच्या गड्ड्या बरोबर घेतल्या होत्या. तिने दार उघडलं, केस ओले होते. "आई? तू? फोन तरी करायचास!"

मी शेंगोळे केले. ती स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभ्याने बोलत राहिली, ऑफिसातल्या कुणाच्या लग्नाला नाशिकला जायचंय, साडी कुठली नेसू. हसत होती. पोटभर जेवली, दोनदा मागून घेतलं. मग "जरा पाठ टेकते" म्हणाली आणि बोलता बोलता झोपली, अगदी गाढ, तोंड थोडं उघडं. मी पंखा कमी केला, पडदा ओढला आणि भांडी घासायला घेतली, आवाज होऊ न देता.